पुराचं पाणी घरातून ओसरलं, आता आधी काय करायचं?

आधी मीटरजवळचा मेन स्विच बंद, तोही कोरड्या जागी उभं राहूनच. बोर्ड भिजला असेल तर वायरमननं तपासल्याशिवाय काहीही सुरू करू नका. फ्रिज, मोटर तर नाहीच.

मग झाडू हातात घ्यायच्या आधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, गाद्या, सगळं. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर कोणी तसंच ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तेव्हा एक कळलं: गाळ ओला असतानाच काढायचा. दोन दिवस ऊन लागलं की तो फरशीला असा धरतो की खुरप्यानं खरवडावा लागतो. दाराच्या बिजागऱ्यांत, ड्रॉवरच्या खाचांत, मिक्सरच्या भांड्याखालीही तो बसलेला असतो. भिंती वरून खाली धुवा, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा. त्यात फरशीचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

गमबूट घालाच. पायाला जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मूत्रानं दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची भीती असते. ताप आला तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

सातबारा, दाखले उन्हात टाकू नका. पानांमध्ये वर्तमानपत्र घालून पंख्याखाली सावलीत वाळवा. आईची पेन्शनची कागदपत्रं आम्ही अशीच वाचवली.

प्लायवूड फुगलं की गेलंच. रंगाची घाई नको, गिलावा आतून वाळायला महिने लागतात.