वाचक विचारतात : बँकॉक, आई आणि बेताचं बजेट

प्रश्न : आईला (वय ६४) घेऊन चार दिवस बँकॉकला जायचं आहे. पॅकेज टूर परवडत नाही. आम्ही दोघीच फिरू शकू का? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे टॅक्सीतच पैसे संपतील अशी धास्ती वाटते. शिवाय ती पक्की शाकाहारी आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : खुशाल जा. टॅक्सीची धास्ती मात्र सोडा, कारण बँकॉकमध्ये नदी तुमच्या मदतीला आहे.

आधी खोलीचं बघा. स्वस्त मिळते म्हणून आडबाजूला राहिलात तर वाचलेले पैसे रोज टुकटुकला, म्हणजे तिथल्या रिक्षाला, द्यावे लागतील. मी म्हणेन, बीटीएसच्या, म्हणजे शहरातल्या उंचावरून धावणाऱ्या रेल्वेच्या, सफान ताक्सिन स्टेशनच्या आसपास राहा. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने फाया थाईपर्यंत ४५ बाट पडतात. तिथून बीटीएस घ्या आणि सियामला गाडी बदला. एक बाट म्हणजे पावणेतीन-तीन रुपये धरून चाला.

सफान ताक्सिनला जिना उतरलात की समोरच साथोनचा धक्का. तिथे पर्यटक बोटीचं दिवसभराचं तिकीट पुढे करतात. ते घेऊ नका. नारिंगी झेंड्याची बोट विचारा. साधारण १६ बाट, मग कुठेही उतरा. याच बोटीतून ऑफिसला जाणारे लोक, शाळेची मुलं, भिक्खू जात असतात. कंडक्टर बाई हातातली पत्र्याची लांबट नळी खुळखुळवत येतात; तिच्यातच नाणी आणि तिकिटांचे रोल. बोट धक्क्याला लागताना मागचा माणूस शिट्ट्या मारून चालकाला अंतर सांगतो. थांबा क्षणभराचा असतो, म्हणून आईंना धक्का येण्याआधीच दाराजवळ आणून ठेवा. संध्याकाळी या बोटी लवकर बंद होतात, हेही लक्षात असू द्या.

था तिएनच्या धक्क्याला उतरलात की वाट फो ('वाट' म्हणजे बौद्ध मंदिर) हाकेच्या अंतरावर. ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध तिथेच आहे. पलीकडच्या काठावर वाट अरुण, तिथे जायला पाच बाटची होडी. त्याच्या उभ्या पायऱ्या आईंना चढायला लावू नका, खालूनही चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी डोळे भरून दिसते. सेन सेप कालव्यातली बोट आणखी स्वस्त, पण तिच्यात काठावरून पाय टाकून चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर ती नकोच. ३४४ पायऱ्यांचं वाट साकेतही राहू द्या.

जेवणाची अडचण खरी आहे, कारण भाजीतही फिश सॉस सर्रास पडतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की ते 'जे' जेवण : मांस, मासे, अंडी, दूध काही नाही आणि कांदा-लसूणही नाही. आईंना ते सहज चालेल. पोळीची आठवण झालीच तर पाहुरत गाठा. तिथे गुरुद्वारा आहे, आसपास भारतीय खाणावळी आहेत.

जाण्याआधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की लगेच बंद करा.

एका ठिकाणी मात्र हात आखडू नका : राजवाडा. तिकीट ५०० बाट, महागच आहे. पण आतल्या वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांमध्ये भिंतीभर रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे; १७८ चित्रं, सोन्याच्या वर्खासकट. समुद्रावर सेतू बांधणारी वानरसेना आई तुमच्याआधी ओळखतील. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी उत्तम. वाटेत कुणी "आज राजवाडा बंद आहे" म्हणत टुकटुकमध्ये बसवू लागला तर सरळ पुढे चालू लागा. दार साडेआठला उघडतं आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनला थांबते, तेव्हा ऊन चढायच्या आत पोचा आणि ओवऱ्यांना पुरेसा वेळ द्या.