गुडवूडला पहिल्यांदा जाताय?

इंग्लंडमधल्या गुडवूडचा फेस्टिव्हल ऑफ स्पीड, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांचा मेळा, चार दिवस चालतो, गुरुवार ते रविवार. जमत असेल तर गुरुवार किंवा शुक्रवार धरा. शनिवार-रविवारी गर्दी इतकी होते की पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या असतात आणि तयार होतात त्या जागेत, गाडीजवळ पोचायलाच वेळ जातो. गेटवर तिकीट मिळेल या भरवशावर अजिबात राहू नका, आधीच काढा. लंडनहून ट्रेनने चिचेस्टर गाठायचं आणि तिथून बस.

खरी मजा पॅडॉकमध्ये आहे. वेळापत्रक हातात ठेवा आणि तुमच्या आवडीच्या गाड्यांच्या गटाची टेकडीवर चढायची धाव सुरू होण्याआधी पाऊण तास तिथे उभे राहा. काही फॉर्म्युला वन गाड्यांची इंजिनं थंड असताना सुरूच करता येत नाहीत, कारण आतल्या भागांमधली फट फार कमी असते. मेकॅनिक आधी इंजिनातून गरम पाणी फिरवतात, मग स्टार्टर लावतात. तो पहिला आवाज छातीत जाणवतो! कानांसाठी इअरप्लग हवेतच, मुलांना तर इअरमफ. उशिरा गेलात तर पॅडॉक रिकामा दिसेल, कारण टेकडीवर गेलेल्या गाड्या वरच थांबतात आणि गट पूर्ण झाल्यावर एकत्र खाली येतात.

चढण 1.16 मैलांची. मोलकोम्ब वळण जरूर बघा: ब्रेक लावायला उशीर झाला की गाडी थेट गवताच्या गाठोड्यांत. वर जंगलात रॅलीचा टप्पा आहे, त्याला अर्धा दिवस ठेवा. बूट जुनेच घाला, नवे चावतात. रेनकोट, टोपी दोन्ही घ्या.