पेशी, पेश्या आणि गांधारीचा गोळा

प्रश्न नागपुरातल्याच एका विज्ञानाच्या बाईंचा. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी प्रयोगवहीत लिहिलं, 'कांद्याच्या पेश्या पाहिल्या.' हे चालेल का? आणि हिंदी माध्यमातून आलेली दोन मुलं पेशीला 'कोशिका' म्हणतात, ती चूक धरायची का?

पहिलं नाही चालणार. एक पेशी, अनेक पेशी, पेशीला, पेशींना. दासी, युवती यांच्या पंगतीतला शब्द आहे हा, नदी-नद्यांच्या नव्हे. 'पेश्या' होतात त्या कोर्टात. सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळच्या कुठल्याही टपरीवर बसा, 'तीन पेश्या झाल्या, वकीलसाहेब आलेच नाही' हे कानावर पडल्याशिवाय चहा संपत नाही. पुण्याकडे जिला तारीख म्हणतात ती आपली पेशी. ती फारसी 'पेश'वरून आली. पेश म्हणजे पुढे, समोर. पेशवा, पेशकार, पेशगी ही तिची भावंडं. कांद्यातल्या पेशीशी तिचं काडीचंही नातं नाही. हे ठणकावून सांगतोय, कारण मागे एका विज्ञान मेळाव्यात एका वक्त्यांनी 'जीव जिथे पहिल्यांदा पेश होतो ती पेशी' असं सांगून टाळ्या घेतल्या. पुढच्या रांगेतल्या मुलांनी ते वहीत उतरवूनसुद्धा घेतलं!

खरी पेशी संस्कृतातली. धातू 'पिश्', म्हणजे घडवणं, कोरणं, सजवणं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात गर्भासाठीचं छोटं सूक्त आहे, त्यात 'त्वष्टा रूपाणि पिंशतु' अशी प्रार्थना येते. त्वष्टा या कारागीर देवाने रूपं घडवावीत. त्याच धातूचे 'पेशल' म्हणजे सुंदर आणि 'पिशित' म्हणजे मांस. लॅटिनमधला रंगवण्याचा 'पिंगेरे' हा धातूही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात बसवतात; त्यातून पेंट आलं आणि पिक्चरही. म्हणजे काचपट्टीवर आयोडिनचा थेंब टाकून पेशी रंगवणारी मुलं शब्दाच्या मुळाशीच प्रामाणिक असतात. एवढा आनंद मला पुरतो.

पण पेशीची गंमत तिथे संपत नाही. चरकसंहितेत दुसऱ्या महिन्याच्या गर्भाचे तीन आकार सांगितलेत : घन, पेशी आणि अर्बुद. सुश्रुत शरीरातल्या पेशी ५०० मोजतो, त्या मात्र मांसाच्या. हिंदीने तो अर्थ 'मांसपेशी'त जपला. मराठीने ते काम 'स्नायू'वर ढकललं, जो बिचारा जुन्या वैद्यकात सांधे बांधणारी दोरी होता. मग हिंदीतून आलेल्या मुलाला पेशी म्हटलं की दंडाचा स्नायू आठवतो, त्याचा दोष नाही.

आणि अमरकोश, अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश! सिंहादिवर्गात पक्ष्यांच्या उडण्याचे प्रकार संपतात न संपतात तोच ओळ येते, 'पेशी कोशो द्विहीनेऽण्डं'. पेशी म्हणजे अंडं, कोश म्हणजेही अंडं. काही कोशकार इथे 'पेशीकोश' असा एकच जोडशब्द धरतात. मला ते पटत नाही. एका ओळीत तीन शब्द सुखाने बसलेले असताना दोघांना बळंच एका खाटेवर का झोपवायचं? आणि गंमत बघा, कोंबडीच्या न फळलेल्या अंड्यातला पिवळा बलक ही खरोखरच एकच पेशी असते. अमरसिंहाला हे माहीत असण्याचा संबंध नाही. तरी ओळ वाचली की अंगावर काटा येतो.

आता माझा लाडका तर्क. महाभारताच्या आदिपर्वात गांधारीला दोन वर्षांनी बाळ होत नाही, 'मांसपेशी' होते, लोखंडाच्या गोळ्यासारखी घट्ट. व्यास तिच्यावर गार पाणी शिंपडायला सांगतात आणि त्या एका गोळ्याचे १०१ तुकडे होतात, एकेक अंगठ्याच्या पेराएवढा. तुपाच्या कुंभांत ठेवल्यावर त्यांचे कौरव होतात, एक दुःशला. (यावरून टेस्ट ट्यूब बेबी आपणच शोधली म्हणणाऱ्यांनी कृपया पुढचा परिच्छेद वाचावा, हा सोडावा.) मराठीत ज्याने कुणी 'सेल'ला 'पेशी' म्हटलं, त्याच्या डोळ्यांपुढे ही गोष्ट होती असं मी मानतो. एकातून अनेक होणारा जिवंत गोळा, याहून नेमकी कल्पना कुठून आणणार?

कोशिकावाले इथे हात वर करतात. 'सेल' हा शब्द लॅटिन 'सेला'वरून, म्हणजे छोटी खोली. कोश म्हणजे कोठार, आवरण. म्हणून कोशिका हेच इमानदार भाषांतर. मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांचंही तेच धोरण. त्यांत 'कोशिका' लिहून लगेच कंसात 'पेशी' येते. पाहुण्याला बैठकीत बसवून घरच्या माणसाला दारात उभं करावं तसं.

भाषांतर इमानदार आहे, मान्य. पण सूक्ष्मदर्शकातून पाहून 'सेल' हे नाव देणाऱ्या रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिलं काय? मेलेल्या सालीच्या रिकाम्या भिंती. त्याने हिशेब मांडला, इंचात १०८० खोल्या, घन इंचात १,२५,९७,१२,०००. सव्वाशे कोटींच्या वर खोल्या मोजल्या, भाडेकरू एकाही खोलीत नव्हता. प्राण्यांच्या पेशीला तर मुळात भिंतच नसते, असतं ते नुसतं पटल, म्हणजे पातळ पापुद्रा. तिथे कुठला कोश?

पुस्तकात वाचून हे पटत नसेल तर डोळ्यांनी बघा. शेजारच्या ताईंची नात सुट्टीत सूक्ष्मदर्शक घेऊन आली होती. आधी तिने मला मोठ्या कौतुकाने एक गोल, जाड काळ्या कडेची 'पेशी' दाखवली. तो हवेचा बुडबुडा होता! आच्छादक काच सपाट आपटली की हे होणारच; एक कड टेकवून सुईने हळू खाली सोडावी लागते. मग कुंडीतल्या ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल काढली, पाण्याच्या थेंबात ठेवली. डोळ्याकडचं भिंग १०चं, खालचं १०चं, म्हणजे शंभरपट. जांभळ्या फरशा एकीला एक लागून. काच डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं, त्यात माझी पाच मिनिटं गेली. मग तिने काचेच्या एका कडेला दाट मिठाचं पाणी सोडलं आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घेतलं.

दोन-तीन मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटू लागला. भिंती जागच्या जागी, आणि आतला गोळा आकसत मध्यावर. भिंत मिठालाही वाट देते आणि पाण्यालाही. पटल पाण्याला सहज जाऊ देतं, मिठाला आणि जांभळ्या रंगाला सहसा नाही. पाठ्यपुस्तकातलं 'निवडक्षम पारपटल' ते हेच. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवल्यावर आई म्हणायची, 'पाणी सुटलं', तेच हे परासरण. (विसरण आणि परासरण या दोघांवर वेगळं लिहीन. एका मुलाने विसरणाची व्याख्या 'लक्षात न राहणे' अशी केल्याचं ऐकून आहे.)

मी मान वर केली नाही. समोर दोन्ही शब्द वेगवेगळे झाले होते. भिंतीचा डबा तसाच उभा, तो कोश. आत पटलाच्या कातडीत आकसलेला तो जिवंत गोळा, ती पेशी. नातीने साधं पाणी सोडलं तसा गोळा पुन्हा फुगून कडांना टेकला. रिकाम्या डब्याला हे जमतं का?

राहिला बाईंचा दुसरा प्रश्न. 'कोशिका'ला गुण कापू नका, मुलाने बरोबर वस्तू पाहिली आहे. फक्त कडेला 'पेशी' लिहा. 'पेश्या'ला मात्र लाल खूण करा. आणि कुणी संत्र्याच्या फोडीतल्या रसाच्या एकेका पिशवीला 'एक मोठी पेशी' म्हटलं असेल, तर तिथे दोन खुणा करा. त्या एका पिशवीत असंख्य पेशी असतात, आणि हे नागपूरच्या मुलाला माहीत नसावं?