आतूनला 'मौलवीण' म्हणू नका

प्रश्न: उझबेकिस्तानवरच्या लेखात 'ओतिन' हा शब्द वाचला. मराठीत 'मौलवीण' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे 'मौलवीण' मी हल्ली फार ऐकतो आणि दर वेळी चिडतो. पाटलाची पाटलीण, तशी मौलवीची मौलवीण. ओतिन नवऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या विद्येच्या जोरावर ओतिन असते. ती मुलींना कुराण वाचायला शिकवते, मयताच्या घरी बायकांत बसून पठण करते.

शब्दाचं जुनं रूप 'आतून'. हो, अगदी आपल्या 'आतून'सारखं! जुन्या उर्दूतही मुलींना शिकवणारी बाई म्हणजे आतून. 1501 साली बाबराला समरकंद सोडावं लागलं, तेव्हा त्याच्या आईची आतून घोडा न मिळाल्याने मागे राहिली होती. पुढे ती पायी चालत येऊन त्यांना मिळाली. हे खुद्द बाबराने लिहून ठेवलंय. आदराने ओतिनला 'ओतिनोयी' म्हणतात. त्यातलं 'ओयी' म्हणजे आई. (आता यावरून मराठीतली आई तुर्कांकडून आणू नका. हा निव्वळ योगायोग.)

काही पंडित 'खातून'मधला 'ख' गाळून 'आतून' काढतात. मला हे मुळीच पटत नाही. उझबेकमध्ये तोच शब्द 'खोतिन', म्हणजे बाई किंवा बायको, आजही 'ख'सकट ठणठणीत आहे. मग त्याच भाषेत, त्याच घरात, शिकवणाऱ्या बाईचा तेवढा 'ख' कोणी पळवला?

मला मोह होतो तो मराठी अर्थाचा. व्युत्पत्ती म्हणून तो शून्य, पण सोव्हिएत काळाला इतका चपखल बसतो की सांगायलाच हवा. 1920च्या दशकाअखेर मदरसे बंद झाले. अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, 1940 साली तीही जाऊन रशियन लिपी आली. आजीची पोथी नातीला वाचता येईना. 1943 साली ताश्कंदला मुसलमानांचं सरकारमान्य धार्मिक मंडळ निघालं, पण त्याचे इमाम पुरुष. घरात मात्र आतून होतीच. मंगळवारी बीबी सेशंबा, बुधवारी मुश्कुलकुशोद, हे बायकांचे घरगुती विधी. या दुसऱ्या विधीत बायका मनुकांचे देठ काढत बसतात आणि गरीब लाकूडतोड्याची गोष्ट ऐकतात. मुंबईचे पारशी शुक्रवारी चणे सोलत 'मुश्कील आसान'ची गोष्ट सांगतात, तिथेही लाकूडतोड्याच! सगळं चाललं ते आतून.

आज बुखाऱ्यात मुलींसाठी रीतसर मदरसा आहे, जोयबोरी कलोन. तिथली पदवीधर आणि आजीकडून शिकलेली जुनी ओतिन यांचं मुश्कुलकुशोदवरून पटत नाही. शिकलेलीला त्या मनुका धर्माबाहेरच्या वाटतात.

हां, प्रतिशब्द राहिलाच. 'आतूनबाई' लिहा. नुसतं 'आतून' लिहिलंत तर वाचक दार उघडायला जाईल.