वाचक विचारतात: जपानच्या शाळेत नवीन आहे, कोणी बोलतच नाही

प्रश्न: ताई नमस्कार. मी मूळची सांगलीची, पुण्यात जपानी शिकले आणि ऑगस्टपासून ओकायामा प्रांतातल्या एका छोट्या गावात एएलटी म्हणून आलेय, म्हणजे इंग्रजीच्या शिक्षकांसोबत वर्गात उभी राहणारी परदेशी शिक्षिका. एक ज्युनिअर हायस्कूल आणि दोन प्राथमिक शाळा आहेत. वर्गात काही विचारलं की सगळे चिडीचूप, माना खाली. सर माझ्याकडून फक्त धडा मोठ्याने वाचून घेतात. स्टाफरूममध्ये दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही. मी शाकाहारी आहे आणि शाळेच्या जेवणात रोज काहीतरी निघतंच. परवा तर माझी कचऱ्याची पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडून दिलेली, मला रडूच आलं. आई म्हणते परत ये. काय करू? (नाव छापू नका)

उत्तर: अगं, आधी एक सांगते, तुझ्यावर कोणीही नाराज नाहीये. मी स्वतः काही वर्षं जपानच्याच क्यूशू बेटावरच्या शाळांमध्ये हेच काम केलंय म्हणून खात्रीने सांगतेय. तिथे न विचारता मध्ये पडणं बऱ्याच लोकांना आगाऊपणाचं वाटतं, त्यामुळे तुला मदत हवीय हे दिसत असलं तरी माणूस थांबतो, आणि तुझं काही चुकत असलं तरी बराच काळ काही बोलत नाही. मग आपण त्या शांततेचे नाही नाही ते अर्थ काढत बसतो. विचारायची सुरुवात तुलाच करावी लागेल आणि ती सगळ्यांना मिळून नाही, एका ठराविक माणसाला.

स्टाफरूममध्ये तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा क्योतो-सेन्सेई, म्हणजे उपमुख्याध्यापक. कोण कुठे आहे, कोणाची काय अडचण आहे हे सगळं त्यांच्याकडे असतं. सकाळी आत शिरताना खणखणीत ओहायो गोझाइमास आणि निघताना ओसाकी नी शित्सुरेई शिमास, म्हणजे तुमच्या आधी निघतेय, माफ करा, हे रोज म्हणायचं, कोणी मान वर करो न करो. आणि दिवाळीच्या पार्सलमध्ये आईला आंबावडी पाठवायला सांग, सुट्या कागदात गुंडाळलेली, प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवायची. तिथे बाहेरगावी जाऊन आलं की सगळे असा खाऊ वाटतात, त्यामुळे कोणाला विचित्र वाटत नाही आणि दुपारी दोघंतिघं तरी विचारायला येतात हे काय म्हणून. चिक्की नको, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तिथे फार गंभीरपणे घेतात. विद्यार्थ्यांना तर कुठलाच खाऊ परस्पर देऊ नकोस.

आता वर्गाचं. तीस जणांसमोर चुकायचं त्या मुलांना खरंच भयंकर वाटतं, त्यामुळे एकट्या मुलाला उभं करून विचारणं बंद कर. आधी शेजारच्याशी बोलू दे, मग चौघांच्या गटात, मग गटाकडून उत्तर घे. आणि प्रश्न विचारल्यावर थांब, आपल्याला सवय असते दोन सेकंदात उत्तर आलं नाही की आपणच सांगून टाकायची, तसं करू नकोस. पण खरी ओळख वर्गाबाहेर होते. जेवणानंतर किंवा दुपारी मुलं स्वतः शाळा झाडतात, फरशी पुसतात, तेव्हा तूही फडकं घे. प्राथमिकच्या मोठ्या सुट्टीत डॉजबॉल खेळायला उतर. तिथे जी मुलगी तुझ्याशी बोलली ना, ती पुढच्या आठवड्यात वर्गातही तोंड उघडेल. प्राथमिकच्या पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला २०२० मध्ये, तिथल्या बऱ्याच वर्गशिक्षकांना स्वतःच्याच इंग्रजीची धास्ती असते, त्यांना तू हवी आहेस, फक्त तुला काय काम द्यायचं ते त्यांना सुचत नाही. म्हणून सुचव तू. आदल्या दिवशी सरांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेव, साध्या जपानीत, की उद्या धड्यानंतर पाच मिनिटांचा हा खेळ घेऊ का. पाठ मोठा मागू नकोस, पाचच मिनिटं माग.

आणि तुझ्याकडे ओकायामात असताना एक हुकमी विषय आहे! सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग ही ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे, पुणे-ओकायामा मैत्री उद्यानच ते. दोन्हीचे फोटो शेजारीशेजारी दाखव आणि मुलांना फरक शोधायला लाव, इंग्रजीत.

जेवण हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो कारण रोज अर्धपोटी राहून कोणी टिकत नाही. शाळेच्या जेवणात मांस बाजूला काढलं तरी सूप आणि भाज्यांमध्ये माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतोच, करीच्या तयार मसाल्यातही बहुतेक वेळा प्राण्यांची चरबी असते. दर महिन्याचा मेनूचा कागद मिळतो, तो घेऊन क्योतो-सेन्सेईंकडे जा आणि डबा आणायची परवानगी माग. 'मी शाकाहारी' एवढंच सांगितलं तर मासे चालतात असं समजतात, म्हणून मांस, मासे, माशाचा अर्क असं एकेक नाव लिहून दे. डबा आणलास तरी जेवायला मुलांमध्येच बस, ते सोडू नकोस. घरी तोफू, मोड आलेली कडधान्यं, रताळी, भोपळा, पालक गावातही मिळतं, तूरडाळ आणि मसाले ऑनलाइन भारतीय दुकानांतून येतात, सूपला कोंबू नावाचं समुद्री शेवाळ वापर.

कचऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस, स्टिकर म्हणजे ही पिशवी आज किंवा अशी चालत नाही, बस. नगरपालिकेचं कचरा कॅलेंडर फ्रिजवर लाव, ठरलेल्या पिशव्या घे, पेट बॉटलचं झाकण आणि लेबल काढून धुऊन टाक, पिशवी सकाळीच बाहेर ठेव, रात्री ठेवली तर कावळे फाडतात. आणि शेजारच्या आजींना कॅलेंडर दाखवून एकदा विचारच, ओळख तिथूनच होते.

आईला रोज रात्री साडेनऊला फोन कर, तेव्हा सांगलीत संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. फक्त वाईट दिवसाचंच सांगत जाऊ नकोस, तिला इतक्या लांबून दुसरं काही दिसत नाही. हिवाळा मात्र गंभीरपणे घे, तिथली जुनी घरं आतूनही गारठतात, रॉकेलचा हीटर आणि जाड पांघरूण आत्ताच बघून ठेव. मार्चपर्यंत तरी थांब असं मला मनापासून वाटतं, कारण एप्रिलमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतं, वर्ग बदलतात, बरेच शिक्षकही बदलून जातात, आणि तेव्हा स्टाफरूममध्ये तू एकटीच नवीन नसशील.

प्रश्न: मी नाशिकचा, एप्रिलमध्ये अशाच कामासाठी बायकोसह जातोय. कागदपत्रं आणि पैशांचं काय लक्षात ठेवू?

उत्तर: घर मिळाल्यावर १४ दिवसांच्या आत दोघांचा पत्ता नगरपालिकेत नोंदवा, विमानतळावर मिळालेलं रेसिडेन्स कार्ड सोबत न्या. त्याच खेपेत आरोग्य विम्याची चौकशी करा, विमा असला की दवाखान्यात साधारण ३० टक्केच तुम्हाला भरावे लागतात. पहिला पगार हातात यायला वेळ लागतो आणि घराचं डिपॉझिट आधी द्यावं लागतं, त्यामुळे घरून दीड-दोन महिन्यांचा खर्च घेऊन निघा.

एका गोष्टीने मात्र भलेभले गडबडतात, तो म्हणजे रहिवासी कर. तो आदल्या वर्षाच्या कमाईवर लागतो म्हणून पहिल्या वर्षी जवळपास काहीच नसतो आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून पगार एकदम कमी झाल्यासारखा वाटतो, तर दर महिन्याला थोडे आधीच बाजूला टाकत चला. पेन्शनचे हप्ते कापले जातात, पावत्या जपा, देश सोडल्यावर २ वर्षांच्या आत अर्ज केला तर एकरकमी काही परत मिळतं.

औषधांबाबत जपान फार कडक आहे. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, खोकल्याच्या औषधातलं कोडीन यांवर नियम आहेत, म्हणून बॅग भरायच्या आधी प्रत्येक पाकिटावरचे घटक तपासा, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिन्याभराच्या वर न्यायची असतील तर आधी परवानगी काढावी लागते. आणि गाव लहान असेल तर इथून निघायच्या आधीच आरटीओतून आंतरराष्ट्रीय लायसन्स काढून घ्या, ते जपानात पोहोचल्यापासून जास्तीत जास्त १ वर्ष चालतं, तेवढ्यात तिथलं लायसन्स करून घ्यायचं.