दुसरा पार्ट पहिल्यापेक्षा भारी कधी होतो?

गेमिंगच्या पानावर या वेळी हॉररचे प्रश्न इतके आलेत की बाकी सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. बहुतेक पत्रं कोकण किनाऱ्यावरचीच आहेत, पाऊस लागला की माणूस दुसरं करणार तरी काय.

प्रश्न: रेसिडेंट ईव्हिल २ चा २०१९ चा रिमेक दोनदा संपवला, खूप आवडला. मग मोठ्या दादाने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर १९९८ चा ओरिजिनल लावून दिला आणि म्हणाला, खरा हा. चेहरे चौकोनी, कॅमेरा जागचा हलत नाही, माणूस आधी उभ्या उभ्या गोल फिरतो मग चालतो. तरी सगळे म्हणतात सीक्वल असावा तर असा. हे नुसतं जुनं ते सोनं आहे की खरंच त्यात काही आहे? (देवगड)

उत्तर: जुनं ते सोनं थोडंफार आहेच, दादाचं वय किती ते तूच बघ. पण तेवढंच असतं तर १९९८ चे बाकीचे गेमपण लोकांनी असेच डोक्यावर घेतले असते ना.

आधी पहिला पार्ट आठव. १९९६ साल, पहिलं प्लेस्टेशन, जंगलातला एक बंगला, गोळ्या मोजून मापून, सेव्ह करायचं तर टाइपरायटर शोधा आणि शाईची रिबन खर्च करा. दार उघडलं की काळ्या स्क्रीनवर फक्त ते दार हळूहळू उघडताना दिसायचं. ते खरं तर डिस्कवरून पुढची खोली लोड होईपर्यंत वेळ काढायला ठेवलेलं, पण पलीकडे काय असेल या विचाराने खेळणाऱ्याला घाम फुटायचा. हे सगळं खेळून खेळून माणूस तयार झाला. झॉम्बीला कुठून वळसा घालायचा, गोळी कधी वाचवायची, आणि मुख्य म्हणजे खोलीतून बाहेर पडलो की सुटलो, कारण मागचा सहसा दारातून मागे येत नाही.

सीक्वलवाल्याची खरी पंचाईत इथे होते, त्याला घाबरवायचंय ते या तयार झालेल्या माणसाला. सोपा रस्ता म्हणजे राक्षस डबल, बंदुका डबल. त्याने गर्दी वाढते, भीती आहे तिथेच राहते. माझ्या मते चांगला सीक्वल खेळणाऱ्याला जे पाठ झालंय तेच त्याच्या अंगावर उलटवतो. नियम सगळे तसेच ठेवायचे, त्यातला एकच मोडायचा, आणि तोही तू निवांत असशील तेव्हा.

उदाहरण बघ. पहिल्या पार्टात खिडकी फोडून कुत्रे आत आले होते, ज्याने खेळलाय तो ते विसरलेला नाही. दुसऱ्यात पोलीस स्टेशनचा कॉरिडॉर लागतो, खिडक्या आहेत, आणि एका खिडकीबाहेरून काहीतरी सर्रकन निघून जातं. बस, एवढंच. काच फुटत नाही. आता तू कुत्र्यांची वाट बघत भिंतीला धरून धरून पुढे जातोस, आणि पुढे वरून टप टप रक्त पडतंय. छताला लिकर नावाचा लांब जिभेचा राक्षस चिकटलेला. म्हणजे तुझं लक्ष खिडकीकडे लावून ठेवलं पहिल्या पार्टाने आणि हल्ला केला वरून. पहिला न खेळलेला माणूसही इथे दचकतोच, पण खेळलेला दुप्पट दचकतो.

दुसरी गोष्ट लिऑन आणि क्लेअरची, म्हणजे आपण ज्यांच्या रूपाने खेळतो त्या दोघांची. दोन डिस्क, एकाची गोष्ट संपवली की दुसऱ्याची त्याच रात्रीची बाजू खेळायची. स्टेशनात हत्यारांची एक खोली आहे, तिथे सबमशीन गन आणि सामान जास्त मावणारी साइड पॅक असं दोन्ही ठेवलेलं असतं. पहिल्या खेपेला हावरटासारखं दोन्ही उचललंस तर दुसऱ्या खेपेला दुसरा माणूस तिथे येतो आणि कपाट रिकामं. त्याची वाट लावणारा तूच. गंमत म्हणजे गेममध्ये तुला कोणी ओरडून सांगत नाही की बाबा विचार कर, दोन वस्तू समोर आहेत आणि तू एकटा आहेस एवढंच. आणि दुसऱ्या खेपेला मिस्टर एक्स नावाचा धिप्पाड राक्षस मागे लागतो, भिंत फोडून येतो. स्टेशन पाठ झालंय म्हणून तू आरामात चाललेला असतोस तेव्हाच नेमका.

हे सगळं पहिल्या झटक्यात जमलेलं नाही हां. टीमने एक अख्खा दुसरा पार्ट बराच पुढे आणला होता, लोक त्याला आता १.५ म्हणतात. त्यात एल्झा वॉकर नावाची बाइक रेसर हिरोईन होती आणि पोलीस स्टेशन आपलं साधं, मॉडर्न. प्रोड्यूसर शिंजी मिकामीला ते पटेना, सगळं बाजूला टाकून नव्याने सुरू केलं. नोबोरू सुगिमुरा हा पटकथाकार आला, एल्झाची झाली क्लेअर, म्हणजे पहिल्या पार्टातल्या क्रिसची बहीण, आणि गोष्ट मागच्याला जोडली गेली. स्टेशन झालं जुन्या आर्ट म्युझियमच्या इमारतीतलं. मला हा बदल सगळ्यात हुशार वाटतो. पुतळे, लपलेल्या कळा, रत्नं हे सगळं पोलीस स्टेशनात कशाला असेल याला कारण मिळालं, बंगल्याची मजा गेली नाही आणि आपण शहरातही आलो. डायरेक्टर हिदेकी कामियाचा डायरेक्टर म्हणून हा पहिलाच गेम होता.

आता तुझा रिमेक. त्याने मोडलेला नियम म्हणजे दार. लोडिंगवाली दारं गेली आणि झॉम्बी दार ढकलून मागे यायला लागले, वीस वर्षं जे दार आपलं होतं ते गेलं. मिस्टर एक्सची पावलं तर वरच्या मजल्यावरून ऐकू येतात, जवळ येतायत की लांब चाललीत ते कान लावून ओळखायचं, हेडफोन घालून खेळ म्हणजे कळेल. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला मोठमोठ्या चपला वाहतात, देव रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. तो राखणदार, त्याची पावलं वाजली तर गाव निर्धास्त झोपेल. एक्सची वाजली की आपण टाइपरायटरच्या खोलीत घुसून दार लावून उभे, कारण सेव्ह रूममध्ये तो येत नाही, आणि हे बरं झालं, एवढी सुटकाही नसती तर लोकांनी गेम सोडून दिला असता.

दादाचं एका मुद्द्यावर मात्र शंभर टक्के बरोबर आहे. रिमेकमध्ये लिऑन आणि क्लेअरची रात्र एकमेकांत नीट बसत नाही, तेच तेच बॉस, म्हणजे मोठे राक्षस, दोघांनाही भेटतात, जणू दुसऱ्याने काही केलंच नाही. जुन्यात हा सांधा जास्त चांगला होता. गटाराचा भाग दोन्हीकडे कंटाळवाणाच आहे, त्यावर दादाशी भांडू नकोस.

प्रश्न: डिनो क्रायसिस १ मध्ये जीव मुठीत घेऊन खेळलो, २ मध्ये एकदाही घाबरलो नाही. तरी २ जास्त आवडला. असं कसं? (अलिबाग)

उत्तर: कारण तो हॉररचा सीक्वल नाहीच. २००० साली आला, डायनासोर मारले की पॉइंट मिळतात, लागोपाठ मारले की कॉम्बो, पॉइंटवर बंदुका घ्या. डायनासोर दिसला की आनंदच होतो, आले बघा पैसे. चांगला अ‍ॅक्शन गेम आहे, नाव फक्त जुनं.

प्रश्न: पावसात आमचा होमस्टे बंद असतो, पाहुणे नाहीत, भाच्याने पीएस ५ आणून ठेवलाय आणि सायलेंट हिल २ घे म्हणतो. पहिला खेळलेलो नाही. खंयचो पार्ट आधी खेळूचो? आणि भाचा म्हणतो त्यात मारामारीत काही मजा नाही, मग लोक एवढे वेडे का झालेत? (मालवण)

उत्तर: काका, दुसरोच आधी खेळा. दोन्हीत गाव तेवढं एकच, माणसं आणि गोष्ट वेगळी, त्यामुळे काही अडत नाही. ओरिजिनल २००१ चा प्लेस्टेशन २ वरचा, आणि भाचा म्हणतोय तो बहुतेक २०२४ चा रिमेक, ब्लूबर टीम या पोलंडच्या कंपनीने केलेला.

जेम्स नावाच्या माणसाला त्याच्या बायकोचं पत्र येतं, आपल्या त्या खास जागी मी वाट बघतेय. बायको वारलेली आहे. तो जातो. सुरुवातीला धुक्यातून खाली उतरणारी पायवाट आहे, चालतच राहावं लागतं, चालतच राहावं लागतं, कोणी येत नाही काही होत नाही. हॉरर गेममध्ये पहिली काही मिनिटं काहीच न घडू देणं याला हिंमत लागते. मग खिशातला रेडिओ खरखरायला लागतो, म्हणजे जवळपास काहीतरी आहे, दिसत मात्र नाही. पिरॅमिड हेड, म्हणजे डोक्यावर पिरॅमिडसारखा टोप असलेला राक्षस, पहिल्यांदा दिसतो तेव्हा तर तो हल्लाही करत नाही, अपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये गजांच्या पलीकडे नुसता उभा असतो. आपणच घाबरून मागे सरतो.

मारामारी अवघडलेली आहे हे खरं, जेम्स साधा माणूस आहे, हातात फळी. पण या सीक्वलचं खरं मोठेपण वेगळंच आहे. तुम्ही कसं खेळता ते गेम गुपचूप टिपून ठेवतो. जखमी झाल्यावर लगेच औषध घेता की तसेच रक्तबंबाळ फिरता, एका मुलीकडून मिळालेला सुरा पुन्हा पुन्हा काढून बघता का, त्यावरून शेवट बदलतो. मेनूमधून ऑप्शन निवडायला लावत नाही, म्हणून शेवट आला की तो आपलाच वाटतो. कुठला आला ते मला कळवा, पण भाच्याला आधी काही विचारू नका, तो सांगून टाकेल.

जाता जाता एक राग काढून घेतो. पिरॅमिड हेड हा जेम्सच्या मनातून आलेला, त्याच्यापुरता. लोकांना आवडला म्हणून पुढे २००८ च्या सायलेंट हिल होमकमिंगमध्येही त्याला आणला, जिथे जेम्स नाहीच. पोस्टर छान झालं असेल, भीती गेली.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, रेसिडेंट ईव्हिल पाहिजे म्हणून मागे लागलाय, वर्गातले सगळे खेळतात म्हणतो. घेऊन देऊ का? (गुहागर)

उत्तर: ताई, नको. युरोपात या गेमवर १८ चा शिक्का आहे, अमेरिकेत १७, आणि तो उगाच नाही, रक्त मांस अगदी जवळून दाखवतात. वर्गातले सगळे खेळतात हे प्रत्येक वर्गातला प्रत्येक मुलगा सांगतो.

प्रश्न: आम्ही तिघा मित्रांनी मिळून छोटा हॉरर गेम बनवला. जुना वाडा, विहीर, एक म्हातारी. कॉलेजात चांगला चालला. आता दुसरा बनवतोय, त्यात अख्खं गाव, बंदर, किल्ला आणि आठ भुतं असा प्लॅन आहे. कुठे चुकतंय का? (रत्नागिरी)

उत्तर: आठ भुतं. तिथेच चुकतंय. आठांना वेळ द्यायला तुमच्याकडे माणसं तीन, प्रत्येक भूत अर्धवट होणार. एक ठेवा, फार तर दोन.

किल्ला आणि बंदर पण सोडा, वाडाच पुन्हा घ्या, म्हणजे मी तर घेईन. ज्यांनी पहिला खेळलाय त्यांना विहिरीची भीती बसलीय ना, मग विहीर तिथेच ठेवा आणि तिथे बराच वेळ काहीच होऊ देऊ नका. रहाट आपोआप थोडा फिरला तर फिरला. खेळणारा परसात जायलाच तयार होणार नाही, वळसा घालून पडवीतून जाईल, आणि पडवी तर पहिल्या पार्टात सेफ होती. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

जागा मोठी करण्यापेक्षा उलगडणारी करा. रेसिडेंट ईव्हिल २ च्या स्टेशनात त्याच हॉलमधून पुन्हा पुन्हा जावं लागतं, दर वेळी नवी किल्ली, नवं दार, जुना रस्ता जवळचा होतो. माजघराचं एक दार पहिल्या पार्टात बंदच होतं असं असेल तर ते आता उघडा, नसेल तर लोकांना आठवणार नाही असं एक घुसडून द्या.

सेव्हिंगला रिबनच्या जागी समईतलं तेल का नाही करत? देव्हाऱ्यात समई लावली की सेव्ह, तेल मोजकं, आणि कंदिलालाही तेच तेल. आता उजेड पाहिजे की सेव्ह, बस ठरवत.

फेटल फ्रेम २ पण बघून घ्या, २००३ चा, दोन जुळ्या बहिणी आणि हरवलेलं गाव. हत्यार म्हणजे फक्त कॅमेरा, आणि भूत अगदी अंगावर येईपर्यंत थांबून फोटो काढला तर मार जास्त बसतो. म्हणजे पळायची इच्छा असताना उभं राहून बघायला लावतात. तुमच्या म्हातारीसाठी असलं काहीतरी शोधा, कुऱ्हाड देऊ नका हातात.

आणि लॅपटॉप हँग होतोय असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय, त्याचं टेन्शन घेऊ नका. पहिल्या सायलेंट हिलमधलं धुकं तसंच आलेलं, प्लेस्टेशनला लांबचं काही दाखवणं झेपत नव्हतं म्हणून धुकं आणि अंधार. तुमच्याकडे तर आषाढातला पाऊस आहे, दहा पावलांपलीकडचं दिसलंच नाही तर कोणी तक्रार करणार नाही.

प्रश्न: रेसिडेंट ईव्हिल २ रिमेक हार्डकोरवर, म्हणजे अवघड लेव्हलवर खेळतोय. आमच्याकडे पावसात दिवसातून चार वेळा लाइट जाते आणि दर वेळी सगळं मागे. काही उपाय? (श्रीवर्धन)

उत्तर: हार्डकोरमध्ये ऑटोसेव्ह नसतो आणि सेव्हला रिबन लागते, त्यामुळे यात तुझा काही दोष नाही. स्टँडर्डवर ये, तिथे ऑटोसेव्ह आहे आणि टाइपरायटरवर कितीही वेळा सेव्ह करता येतं. हार्डकोर दिवाळीनंतर खेळ.