ग्रुपवर असतो, सरावाला जात नाही

"ढोलपथकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर असतो, पण सरावाला जा म्हटलं की याचं पोट दुखतं. नेमकं झालंय काय, मॅडम?"

२०२२च्या पावसाळ्यात समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला पुण्यातल्या बऱ्याच आयांनी विचारला. त्यातल्या एकीचा मुलगा अठरा वर्षांचा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). २०१९ला त्यानं पहिल्यांदा कमरेला ढोल बांधला. पुढची दोन वर्षं कोरोनामुळे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकाच नव्हत्या. निर्बंध उठले, नदीपात्रात पुन्हा सराव सुरू झाला, आणि हा घरात.

आईच्या मते मोबाइलचं वेड. खरं सांगते, मलाही तेच वाटलं आणि दोन भेटी त्यातच वाया गेल्या. तिसऱ्या भेटीत, उठता उठता तो म्हणाला, "पथकाचा झब्बा अंगात जात नाही. वाजवायचे हातही विसरलोय. मागून आलेली पोरं पुढच्या रांगेत असतील."

फोनवर उत्तर सुचेपर्यंत थांबता येतं, कॅमेरा बंद ठेवता येतो. मैदानात आख्खा माणूस दिसतो, पोटासकट. त्यात आपल्याकडे "केवढा सुटलास रे!" हेच स्वागत. शिवाय एकदा जाणं टाळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या खेपेची धास्ती वाढते. आईला म्हटलं, रोज "गेलास का?" विचारणं आधी थांबवा.

त्याला वाजवायला जाच असं मी म्हटलंच नाही. सरावाआधी ढोल ताणायचे असतात, पानं, म्हणजे ढोलावर ताणलेले पडदे, बदलायची असतात. तिथं नजर दोरीवर असते, कुणाच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. "फक्त त्या कामाला जा. अर्धा तास. ओळखीच्या एकालाच आधी कळव." त्यानं तासभर घासाघीस करून वीस मिनिटं कबूल केली.

पहिल्या दिवशी कुणीतरी नुसतं "ही दोरी धर" म्हणालं. दुसऱ्यांदा तो गेलाच नाही. ते धरूनच चालायचं असतं. तिसऱ्या आठवड्यात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, हातात घेतलं, शेवटच्या रांगेत.

पुढच्या भेटीला बोटांना चिकटपट्ट्या लावून आला. "हात आठवले?" विचारलं.

"अर्धे." मग जरा थांबून म्हणाला, "ढोल बसतोय. कमरेची दोरी चार बोटं वाढवली, झालं."